मायच्या हौदावरचा पंप

आरे कॉलनीतल्या मायच्या घरामागे सिमेंटचा एक हौद आहे. त्यात ती मासे पाळते. त्या हौदावर मी हवेचा पंप बसवला, तळाचं घाण पाणी उपसणारी मोटर बसवली, माशांना खाणं टाकणारं एक यंत्र बनवून बसवलं. कोणी विचारलं तर मी सांगतो, म्हातारीचे कष्ट वाचावेत म्हणून केलं. हे खोटं नाही. पण ती यंत्रं बसवताना माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती मी मायला सांगितली नव्हती. मला तिला तिथून हलवायचं होतं. तिनं चारकोपला आमच्याकडे येऊन राहावं असं मला वाटत होतं, आणि दरवेळी ती माशांचं कारण पुढे करत होती.

आम्ही मूळचे वर्धा नदीकाठचे. बाबा तरुणपणी मुंबईत आले आणि आरेच्या एका तबेल्यात कामाला लागले. म्हशींना वैरण घालणं, शेण काढणं, धारेच्या वेळी हाताशी असणं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. तबेल्याच्या कडेला वस्ती होती, तिथे आमचं घर. घरामागचा हौद म्हशींना पाणी पाजायचा. पुढे त्या बाजूचा गोठा रिकामा झाला, हौद तसाच राहिला. बाबांनी त्याच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या आणि कुठल्याशा तळ्यातून डबाभर चिलापी आणून सोडली. नंतर रोहू आणला. मायला समुद्राचा मासा कधी आवडला नाही. इतकी वर्षं मुंबईत काढून ती अजून म्हणते, "बोंबील म्हंजे नुसतं पानी." नदीचा मासा म्हणजे तिच्यासाठी माहेर होतं. बाबा गेले, तेव्हा हौद आपोआप तिच्याकडे आला.

हौद फार मोठा नाही. एखादा टेम्पो त्यात आडवा बसेल एवढा. पण बंदिस्त पाण्यात मासे पाळायचे तर काम रोजचं असतं. सगळ्यात अवघड वेळ पहाटेची. दिवसा ऊन असतं, पाण्यातलं हिरवं शेवाळ हवा, म्हणजे प्राणवायू, तयार करतं. रात्री तेच शेवाळ हवा वापरतं. त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यातली हवा सगळ्यात कमी असते आणि मासे वर येऊन तोंडं उघडून धापा टाकायला लागतात. उन्हाळ्यात तर रोजच. अशा वेळी माय बादली बुडवायची, खांद्यापर्यंत उचलायची आणि पाणी वरून धो धो परत हौदात सोडायची. पाणी आपटलं, फेसाळलं की त्यात हवा मिसळते. मासे खाली जाईपर्यंत तिचं हे चालायचं. मी लहान असताना याच आवाजानं जागा व्हायचो. आमच्या घराला गजराच्या घड्याळाची गरज नव्हती.

पण तेव्हा ती चाळिशीची होती. आता सत्तरीला टेकली आहे, उजवा गुडघा सुजलेला असतो, आणि आरेत बिबट्या आहे. ही काही नवी गोष्ट नाही, वस्तीतले लोक पावसापाण्याबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलतात. संध्याकाळी कुत्रे घरात घेतात, पोरांना आत बोलावतात. माय मात्र अंधारात बादली घेऊन हौदावर जायची. एका हातात बॅटरी धरता येत नाही, कारण बादलीला दोन्ही हात लागतात.

दर रविवारी मी जायचो आणि आमचं तेच बोलणं व्हायचं.

"माय, चल ना आता. खोली आहे, पंखा आहे, खाली उतरलीस की बाजार आहे."

"अन् माशायले कोन पाहीन?"

"विकून टाक. नाहीतर वाटून टाक."

"तू तुह्या पोरीले वाटून टाकतं का?"

मी चहा पिऊन निघायचो. बसमध्ये बसल्यावर वाटायचं, म्हातारीला जंगलाच्या कडेला एकटं टाकून आपण पंख्याखाली झोपणार. वस्तीतल्या बायकाही बोलत असतील, मुलगा मुंबईतच आहे आणि आई एकटी. मायची काळजी किती होती आणि लोकांच्या बोलण्याची किती, हे मला अजूनही नीट वेगळं करता येत नाही.

माझा धंदा पंप दुरुस्तीचा. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा एक गाळा आहे. 'आमचा' म्हणजे माझा आणि माझ्या पार्टनरचा. तो मालवणकडचा, गिरणी कामगाराचा मुलगा. बिल्डिंगच्या पाण्याच्या मोटरी, बोअरवेलचे पंप, फिश टँकचे छोटे पंप, सगळं आमच्याकडे येतं. एके दिवशी एका हॉटेलवाल्यानं शोभेच्या तळ्याचा हवेचा पंप मोडीत टाकला. डब्याएवढी वस्तू. आत एक चुंबक थरथरतो, त्यानं रबराचा पडदा पुढेमागे हलतो आणि नळीतून हवा बाहेर जाते. नळीच्या टोकाला सच्छिद्र दगड लावले की पाण्यात बारीक बुडबुडे सुटतात. पंप उघडला तर फक्त पडदा फाटला होता. नवीन टाकला, चालू केला, टेबलावरच्या बादलीत दगड सोडला. पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं.

मी ते बघत बसलो आणि माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. पहाटेचं पाणी ओतायचं काम हा करेल. खाणं टाकायला टायमरवर चालणारी मोटर. तळाची घाण उपसायला छोटा पंप. मग माशांना मायची गरजच उरणार नाही. मग ती काय सांगणार?

पार्टनर म्हणाला, "कायरे, बुडबुडे बघून हसतंस कित्याक?"

मी सांगितलं, मायच्या हौदासाठी न्यायचा विचार आहे.

"म्हणजे रोहूसाठी?" त्यानं तोंड वाकडं केलं. "मेल्या, गोड्या पाण्याचो मासो तो काय मासो? तोंडात घातलो की चिखल. तेका हवा देण्यापरास तूच मोकळ्या हवेत फिरून ये."

"खाऊन बघ एकदा."

"माका अजून जगूचा आसा."

असं म्हणाला, पण पुढचे काही दिवस काम संपल्यावर तोच माझ्याबरोबर थांबायचा. खाणं टाकणारं यंत्र त्याच्याच डोक्यातून आलं. प्लास्टिकचा जाड डबा, त्याच्या तळाला भोक, भोकाखाली फिरणारी चकती आणि ती फिरवायला गाडीच्या काचेच्या वायपरची जुनी मोटर. टायमर सुरू झाला की चकती थोडा वेळ फिरते आणि गोळीचं खाणं पाण्यावर उडवते. वीज गेली तर पंप बंद पडू नये म्हणून एक जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी जोडली. उघड्या जागेत पाण्याजवळ वीज न्यायची म्हणून वायर सगळी पाइपातून घेतली, झटका बसायच्या आधी वीज तोडणारा स्विच लावला. काम मी मनापासून केलं, एवढं मला म्हणता येईल.

घरी बायकोनं विचारलं, "आईंना विचारलंत का?"

"पंपाबद्दल? हो, बसव म्हणाली."

"पंपाबद्दल नाही विचारत मी."

मी हात धुवायला उठलो.

यंत्रं बसवली त्या रविवारी माय खुर्ची टाकून बसली होती. पंप चालू झाला आणि हौदात चार ठिकाणी बुडबुड्यांचे झुबके उठले, तेव्हा ती उठून काठावर गेली, हात पाण्यात घातला, बुडबुड्यांवर धरला.

"गुदगुल्या करते," ती म्हणाली.

मग घाण उपसायचा पंप लावला. हौदाच्या तळाला माशांची विष्ठा आणि कुजलेलं खाणं साचतं, तेच पाणी खराब करतं. आधी माय अर्धा हौद बादल्यांनी उपसून ताजं पाणी भरायची. आता पंप तळाचं काळं पाणी ओढून नळीतून थेट तिच्या वांग्या-मिरच्यांत सोडत होता. ती नळीच्या मागे मागे वाफ्यातून फिरली. "अरे बाप्पा, हे तं खत हाय."

खाण्याच्या यंत्रानं मात्र पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. मोटर घरघरली की मासे गोळा व्हायला लागले, आणि दोनच दिवसांत माकडंही. त्यातलं एक मोठं माकड डब्यावर बसून थापा मारायचं, चकती हलली की गोळ्या पडायच्या आणि ते वेचून खायचं. मायनं फोन करून सांगितलं, "तुहं मशीन मस्त चालू हाय. फक्त खाऊन कोन रायलं ते पाह्य." पुढच्या रविवारी मी डब्याला जाळीचा पिंजरा केला. माकड त्यावर बसून माझं काम बघत होतं. मायनं त्याला सांगितलं, "याले शिव्या नको देऊ, इंजिनेर हाय." मी इंजिनीअर नाही, आयटीआय केलेला फिटर आहे. पण ती सगळ्यांना इंजिनेरच सांगते.

यंत्रांचा फायदा झाला, यात शंका नाही. पहाटे मासे वर येणं थांबलं. पाणी नितळ राहू लागलं. पूर्वी खाणं एकदम मूठभर पडायचं आणि निम्मं तळाला कुजायचं, आता थोडं थोडं, वेळेवर पडत होतं आणि मासे ते पूर्ण खात होते. रोहू अंगानं भरले. आणि माय पहाटे बाहेर जायची थांबली. उजाडल्यावर, चहा पिऊन, ती हौदाकडे चक्कर मारायची. माझी काळजी म्हणावी तर इथे संपायला हवी होती.

मी मात्र लगेच म्हटलं, "माय, आता चल."

आणि ती आली. कपड्यांची पिशवी, बुद्धाचा छोटा फोटो आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली घेऊन आली. मला इतका आनंद झाला की वाटेत मी बसच्या कंडक्टरला उगाच सांगितलं, आई आहे माझी, घरी नेतोय.

ती आमच्याकडे आठवडाभर राहिली. कुरकूर केली नाही. भाजी निवडून द्यायची, नातीच्या केसांना तेल लावायची, संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसायची. मी कामावरून आलो की तिचा चेहरा बघायचो. मला त्यात दुःख शोधायचं होतं की समाधान, कोणास ठाऊक. दोन्ही दिसलं नाही. ती पाहुणी आली होती आणि पाहुण्यासारखी नीट वागत होती.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "परवा सोडून दे मले."

"का? काही कमी पडलं?"

"नाई रे. सारं मस्त हाय."

"मग? माशांना मशीन आहे ना आता?"

"मशीन हाय म्हनूनच तं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "तूच म्हनला ना, हवा असली की जास्त मासे मावतात. तं मंग बोटुकली आनू आनखी. त्या कोपऱ्यावरच्या बाईलेही पाह्यजे, तिच्याकडे प्लास्टिकची टाकी हाय. तिले पन बसवून दे असा पंप."

बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. स्वयंपाकघरात बायकोनं नळ बंद केला आणि ती ऐकत राहिली. माझ्या यंत्रांनी मायचं कारण संपवलं नव्हतं. तिचं काम हलकं झालं होतं, त्यामुळे तिला ते आणखी हवं होतं. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नव्हती? ज्यांच्या मोटरी मी दुरुस्त करतो ते सगळे तेच करतात. मोटर नीट चालली की आणखी एक नळ काढतात.

पालघरकडच्या एका मत्स्यबीजवाल्याकडून हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली आली. मीच आणून दिली. हौदात आता पूर्वीच्या दुप्पट मासे झाले. याचा अर्थ मला माहीत होता, मी मायलाही सांगितला होता. इतके मासे पंपाच्या जोरावरच जगणार. पंप बंद पडला तर बादलीनं ते फार दिवस भागणार नाही.

वैशाखात पंप बंद पडला. बुद्धपौर्णिमेला आठवडाही उरला नव्हता. मी रविवारी गेलो तेव्हा पंप नुसता गुणगुणत होता, हवा येत नव्हती. पडदा फाटल्याचं मी आवाजावरूनच ओळखलं. पंप खोलून पिशवीत घातला.

"किती दिवस लागतीन?" मायनं विचारलं.

"बघतो. पार्ट मिळायला हवा."

हे वाक्य तोंडातून कसं आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. असे पडदे आमच्या गाळ्यातल्या ड्रॉवरमध्ये नेहमी असतात. मी घरी येताना ठरवून काही केलं नव्हतं. सोमवारी पंप फळीवर ठेवला आणि दुसरं काम हातात घेतलं. मंगळवारी तो तिथेच होता. माझ्या डोक्यात विचार होता तो असा: बादल्या ओतून ती दमेल, काही मासे मरतील, आणि आपण होऊन म्हणेल की आता नाही झेपत. मी तिला काही म्हणायची गरजच पडणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "मिळाला का पार्ट?"

"नाही गं माय. बाहेरून मागवलाय."

"बरं. मी करून रायली तोवर. बाकी कसे हायत सारे?"

बुधवारी पार्टनरनं फळीकडे बोट दाखवलं. "हो तुझ्या आवशीचो पंप ना? दहा मिनटाचा काम आसा. हय कित्याक ठेवलंस?"

"करतो."

"पडदो संपलो काय?" त्यानं ड्रॉवर उघडला, पडद्यांची पुडी काढली, माझ्यासमोर ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग ग्राइंडर चालू केला आणि आपल्या कामाला लागला.

जेवायच्या सुट्टीत मीच मायला फोन केला. ती सहज म्हणाली, "आज जराशी उशिराच गेली मी हौदावर. कुत्रे लय भुंकत होते. थांबली दारात. मंग गप झाले, तं गेली."

"अंधारात गेलीस?"

"उजेडात जाऊन काय फायदा? तोवर मरतीन ना ते."

मी फोन ठेवला. डबा उघडा होता, तसाच बंद केला. ज्या अंधारातून तिला वाचवायला मी पंप बसवला म्हणत होतो, त्याच अंधारात मी तिला पुन्हा पाठवत होतो. तेही जास्त बादल्या घेऊन, कारण मासे दुप्पट होते आणि ते मीच आणले होते. बिबट्या दारासमोरून गेला असेल नसेल. ती थांबली होती, एवढं पुरे होतं.

पंप उघडला. पडदा बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पार्टनर म्हणाला, "जा तू, मी बघतंय हयचा." मी जायला निघालो तर मागून म्हणाला, "खरा सांग तिका. आवशीक आधीच कळलेला आसता."

वस्तीत पोचलो तेव्हा दुपार कलत होती. आमच्या गल्लीत मासे तळल्याचा वास होता, एका नाही, चार-पाच घरांतून. मी घाबरलो. मासे मेले आणि मायनं वाटून टाकले, असं वाटलं. घराच्या मागे गेलो तर माय पाटावर बसून विळीवर मासा साफ करत होती. बाजूला घमेल्यात आणखी होते, चांगले ताजे. हौदात बघितलं. जुने मोठे रोहू गेले होते. पिल्लं तेवढी आरामात फिरत होती, एकही वर तोंड काढत नव्हतं.

"जाळं टाकलं सकाळी," ती म्हणाली. "मोठे काढले. कमी झाले की पुरते हवा. आज नाई काढले तं उद्या-परवा पौर्निमा, तवा माह्या हातानं मारनं होनार नाई. तुहा पार्ट काही येत नव्हता."

आमच्या घरात पौर्णिमेला मासा मारत नाहीत, शिजवतही नाहीत. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून विहारात जाते. मला वाटलं होतं, ती अडून बसेल आणि दमेल. तिनं शांतपणे हिशेब लावला आणि मासे कमी केले. वस्तीला मेजवानी झाली.

मी पिशवीतून पंप काढला, काठावर ठेवला.

"आला पार्ट?" तिनं विचारलं. विळीवरून नजर वर केली नाही.

इथे मी हो म्हणू शकलो असतो. म्हटलं, "पार्ट होताच, माय. गाळ्यातच होता."

तिनं माशाचं पोट साफ केलं, मासा पाण्यात बुचकळला, ताटात ठेवला. दुसरा घेतला.

"मला वाटलं, तू दमशील," मी म्हणालो. "मग येशील आमच्याकडे."

"हं."

"पहाटे कुत्रे भुंकत होते म्हणालीस, तेव्हा—"

"ते रोजच भुंकतात." तिनं विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. रागावलेली दिसत नव्हती, पण हसतही नव्हती. "मले न्यायचं हाय तं तोंडानं सांग ना रे. माशायले काहून मधात घालतं? अन् तू सांगितलं की मी बी सांगीन."

"मग सांगतो. चल आमच्याकडे. मला भीती वाटते तुझी."

"आता कसं बोलला." तिनं घमेलं बाजूला सरकवलं. "मी नाई येत. माशायसाठी नाई. मले इथं बरं वाटते. तुह्या बापानं या हौदाच्या भेगा बुजवल्या तवा सिमेंट मी कालवलं होतं. तुह्या घरी मी पावनी हाय. तुही बायको चांगली हाय, पन पावनी ते पावनीच. ज्या दिवशी पाय उचलनार नाई त्या दिवशी मीच फोन करीन. मंग आढेवेढे नको घेऊ."

"नाही घेणार."

"अन् आता मले हे मशीन उघडून दाखव."

"कशाला? मी आहे ना."

"तू हायच," ती म्हणाली. "तरी दाखव."

मला तेव्हा कळलं की ती काय मागते आहे. पंप माझ्या हातात होता तोवर हौदही माझ्या हातात होता. पडदा कधी बदलायचा, किती दिवसांनी, हे मी ठरवणार. मी नुकतंच ते करून दाखवलं होतं.

मी पाटावर तिच्या शेजारी बसलो. पंपाचे चार स्क्रू काढले आणि पुन्हा लावले. तिला म्हटलं, आता तू काढ. तिच्या बोटांना माशाचे खवले चिकटलेले होते, हात धुवून आली. पहिला स्क्रू तिनं उलटा फिरवला.

"इकडे नाही, दुसरीकडे."

"थांब ना जरा. तुले चालायले शिकवलं तवा मी असं ओरडली होती का?"

झाकण निघालं. पडदा कुठे बसतो, त्याची कोणती बाजू वर असते, तो नीट बसला की नाही हे बोटानं दाबून कसं बघायचं, ते दाखवलं. तिनं दोनदा चुकवून तिसऱ्यांदा नीट बसवला. चालू केला तेव्हा हौदात बुडबुडे आले. मोठे मासे नव्हते, त्यामुळे पाणी जरा रिकामं वाटत होतं, पण पिल्लं लगेच तिथे जमली. माय म्हणाली, "हाव. झालं."

जास्तीचे दोन पडदे मी तिला दिले. तिनं ते तेलाच्या बाटलीजवळ, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले, स्क्रू ड्रायव्हरसकट. निघताना मला तळलेले मासे डब्यात भरून दिले, एक डबा घरी, एक डबा पार्टनरला. दुसऱ्या दिवशी पार्टनरनं डब्यातला तुकडा आधी हुंगला. मग खाल्ला. मग दुसरा घेतला. "मसालो बरो आसा," म्हणाला. माशाबद्दल त्यानं आजवर चांगलं काही म्हटलेलं नाही, पण डबा रिकामाच परत आला. मी त्याला सांगितलं, की मायला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरा झाला. आता ता ड्रॉवर बंद कर, मधे येता."

पुढे मी हौदाच्या काठावर एक दिवा लावून दिला आणि घरापासून हौदापर्यंत जाळीचा आडोसा केला. त्या कोपऱ्यावरच्या बाईच्या टाकीलाही छोटा पंप बसवला. माय आता तिला जाऊन सांगते, पाणी कधी उपसायचं, ढगाळ दिवशी खाणं कमी का टाकायचं, आणि माकडाला पिंजरा कसा बांधायचा. तिच्या सांगण्यात काही गोष्टी चुकतातही. ढगाळ हवेत मासे आळशी होतात असं ती सांगते. मी एकदा समजावलं, की ऊन नसलं की शेवाळ हवा बनवत नाही. ती म्हणाली, "तेच तं. आळशी."

चारकोपला ती सणावाराला येते, दोन-तीन दिवस राहते. मी चल म्हणत नाही. भीती गेलेली नाही. रात्री मुलीच्या मोबाइलवर आरेतल्या बिबट्याचा व्हिडिओ कोणी पाठवला की मी सगळ्यात आधी मागची झाडं बघतो, आपल्या वस्तीची आहेत का. मग सकाळी फोन करतो आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतो. तिला ते कळतं. ती म्हणते, "हाय मी, हाय. सांग."

पावसाळा संपल्यावर एका गुरुवारी तिचाच फोन आला. "पडदा फाटला होता. बदलला मी."

"नीट बसला?"

"बुडबुडे येऊन रायले. अजून काय पाह्यजे?"

त्या रविवारी माझं तिथे काही काम नव्हतं. तरी गेलो. हौदाजवळ पंप नीट चालला होता, झाकणाचा एक स्क्रू जरा वाकडा बसला होता, पण चालत होतं. मी तो तसाच राहू दिला.

माय वांग्यांना पाणी सोडत होती. मला बघून म्हणाली, "काहून आला? पंप तं मी केला दुरुस्त."

"असाच आलो."

"जेवून आला का?"

"नाही."

"मंग बस. भात होते आता. अन् बसल्या बसल्या ते नळीचं तोंड साफ कर, गाळ अडकला हाय. माह्या गुडघ्यानं उकिडवं बसनं होत नाई."